पिल्लाच्या दातांना आणि पंजांना हक्काचं काम

चपलेचा अंगठा तुटलाय, टेबलाच्या पायावर दातांच्या खुणा आहेत आणि कुंडीतली माती लादीभर पसरलीय. कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पहिल्या काही महिन्यांत हे बहुतेक घरांत होतंच. पिल्लू हे कुणावर राग काढायला करत नाही. दात शिवशिवतात म्हणून ते कुरतडतं, नाकाला कसलातरी वास लागला म्हणून उकरतं. या दोन्ही गोष्टी त्याच्या अंगातच आहेत, त्या पूर्ण बंद करायला गेलात की पिल्लू एवढंच शिकतं की तुमची पाठ वळल्यावर करायचं. म्हणून त्याला चावायला हक्काची वस्तू द्या, उकरायला हक्काची जागा द्या, आणि बाकीचं काही महिने त्याच्या तोंडापासून लांब ठेवा. यातली पहिली दोन कामं बहुतेक जण करतात. तिसऱ्यात ढिलाई होते आणि तिथेच सगळं फसतं.

दातांचं वेळापत्रक

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण साडेतीन-चार महिन्यांचं झालं की आधी समोरचे बारीक दात पडतात, मग सुळे आणि दाढा, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत तोंडात ४२ पक्के दात उभे राहतात. या काळात हिरड्या सुजतात, ठणकतात, आणि चावल्यावरच जरा बरं वाटतं. खेळण्यावर रक्ताचा पुसट डाग दिसला किंवा जमिनीवर तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला तर घाबरू नका. बरेचसे दात पिल्लू खाता खाता गिळूनही टाकतं. फक्त एक गोष्ट बघत राहा: पक्का सुळा बाहेर आलाय आणि दुधाचा सुळा त्याला चिकटून अजून तसाच उभा आहे, असं दिसलं तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. दोघांच्या फटीत अन्न अडकतं आणि पक्का दात वाकडा येतो.

सगळे दात आले की चावणं संपेल असं समजू नका. सात-आठ महिन्यांपासून वर्षाचं होईपर्यंत चावण्याची दुसरी लाट येते, आणि तेव्हा जबड्यात खरी ताकद आलेली असते. खाली सांगितलेली व्यवस्था निदान वर्षभरासाठी आहे असं धरूनच कामाला लागा.

आधी घर आवरा

पिल्लाच्या उंचीवरून घर बघायला हवं. गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवे व्हा आणि प्रत्येक खोलीतून एक चक्कर मारा. सोफ्याखालचा चार्जर, पडद्याची लोंबती दोरी, कपाटाखाली घरंगळलेलं बटण, गालिच्याची सुटलेली किनार, हे सगळं उभ्याने दिसत नाही.

वायरी सगळ्यांत आधी. ज्या उचलता येतात त्या भिंतीवर वर बांधा, ज्या उचलता येत नाहीत त्या कडक प्लास्टिकच्या पट्टीत बंद करा. वापरून झालं की चार्जर नुसता मोबाईलमधून काढून भागत नाही, सॉकेटमधूनच काढा. पिल्लाने चालू वायर चावली तर आधी मेन स्विच बंद करा, तोवर पिल्लाला हात लावू नका. ते उठून शेपटी हलवायला लागलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तोंडातला भाजल्याचा डाग आपल्याला दिसतो, पण फुप्फुसात पाणी साचून श्वासाचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

मोजे, केसांचे रबर, सुई-दोरा, बटण सेल, औषधांच्या पट्ट्या, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगगम, चॉकलेट, मनुका यांना झाकणाचा डबा किंवा बंद कपाट एवढीच जागा. बटण सेल अन्ननलिका थोड्याच वेळात जाळू लागतो, तेव्हा गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका. दोरा तोंडातून किंवा शेपटीखालून लोंबताना दिसला तर ओढू नका, कापूही नका. त्याचं दुसरं टोक आत कुठेतरी अडकलेलं असतं आणि ओढल्यावर आतडं चिरतं. तसंच उचलून दवाखान्यात न्या.

लक्ष ठेवायला कुणी नसेल तेव्हा पिल्लाला घरभर मोकळं सोडू नका. एक कोपरा जाळीच्या कुंपणाने अडवा. पसरून झोपायला, पाण्याच्या भांड्याला आणि थोडं खेळायला पुरेल एवढी जागा हवी. मध्यम आकाराच्या पिल्लाला सव्वा मीटर बाय सव्वा मीटर पुरते. तिथे जेवण द्या, खेळणी द्या, दार उघडं ठेवून आपण शेजारी बसा, आणि मग हळूहळू दार लावायला लागा. काही चूक झाली म्हणून उचलून तिथे नेऊन टाकायची सवय लावू नका, नाहीतर त्याला ती जागा कोठडी वाटायला लागते.

चावायला काय द्यावं

खेळणं विकत घेण्याआधी त्यावर अंगठ्याचं नख दाबून बघा. नखाची खूण उमटली किंवा वस्तू थोडी तरी दबली तर ठीक. जी अजिबात दबत नाही ती पिल्लासाठी कडक आहे. हाडं, शिंगं, खूर आणि कडक नायलॉन यांवर चावताना वरची मोठी दाढ उभी चिरते. शिजवलेलं हाड तर कधीच देऊ नका, त्याचे टोकदार तुकडे होतात. आकार असा निवडा की अख्खं खेळणं तोंडात मावणार नाही आणि दाढांच्या मागे सरकणार नाही. पिल्लू दर महिन्याला वाढतं, म्हणून तिसऱ्या महिन्यात घेतलेला चेंडू पाचव्या महिन्यात पुन्हा तपासा.

चार प्रकार घरात असू द्या: पोकळ रबरी खेळणं, मऊ दातखेळणं, ओढाओढीसाठी जाड विणलेली दोरी आणि चाटायची खाचांची चटई. दोरी तुमच्या हातात असेल तेव्हाच, एकट्या पिल्लाजवळ नको, कारण सुटलेले धागे पोटात जातात. एका वेळी तीन-चारच वस्तू बाहेर ठेवा, बाकी लपवा, आणि दर दोन-तीन दिवसांनी अदलाबदल करा. आठवडाभर समोर पडलेलं खेळणं पिल्लाच्या लेखी फर्निचरच असतं. जुनी चप्पल किंवा फाटका मोजा मात्र खेळणं म्हणून देऊ नका. जुनी कोणती आणि नवी कोणती हे त्याला कळत नाही, वास दोन्हींना तुमचाच येतो.

रबरी खेळणं भरायची रीत नीट जमली की निम्मं काम होतं. पिल्लाच्या रोजच्या कोरड्या खाण्यातलंच अर्धी वाटी घ्या, कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा आणि मऊ झालं की चमच्याने सैल भरा. तळाच्या छोट्या भोकाशी एक चविष्ट तुकडा ठेवा. पहिल्या आठवड्यात गोठवू नका. पिल्लाला पाच मिनिटांत खाणं निघालेलं दिसलं पाहिजे, नाहीतर ते नाद सोडून टेबलाच्या पायाकडे वळतं. ते सराईत झालं की घट्ट भरा, आणि मग चार तास फ्रीझरमध्ये ठेवून द्या. असं गोठलेलं खेळणं वीस-तीस मिनिटं पुरतं आणि हिरड्यांना गारवाही देतं. वर पीनट बटर लावणार असाल तर डब्यावरचे घटक वाचा. त्यात झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याला विष आहे. आत घातलेलं सगळं रोजच्या खाण्यातून वजा करा, आणि बाटली धुवायच्या ब्रशने खेळणं रोज धुवा.

दात फार शिवशिवत असतील तर सुती फडकं ओलं करून पिळा, पीळ देऊन गाठ मारा आणि दोन-तीन तास गोठवा. समोर बसून दहा मिनिटं चावू द्या आणि मऊ पडलं की काढून घ्या. थंड गाजराचा मोठा तुकडाही चालतो, तोही समोर बसूनच. बर्फाचे मोठे खडे नकोत, ते दातांना कडकच आहेत.

चप्पल तोंडात असतानाचा तो क्षण

पिल्लू चप्पल घेऊन तुमच्याकडे बघतंय. पुढचे पाय लांबवून छाती जमिनीला टेकवलेली, मागचा भाग वर, शेपटीचं टोक थरथरतंय. तुम्ही ओरडून एक पाऊल पुढे टाकलंत की ते सोफ्याला वळसा घालून पळणार, आणि चप्पल म्हणजे घरातलं सगळ्यांत भारी खेळणं आहे हे त्या एका फेरीत पक्कं शिकणार. म्हणून पळू नका. शांतपणे त्याचं खेळणं उचला, खाली बसा आणि ते जमिनीवर सरपटत, झटके देत न्या. उंदीर पळतो तसं हललं पाहिजे. नाकासमोर नुसतं धरलं तर बहुतेक पिल्लं ढुंकून बघत नाहीत. त्याने चप्पल सोडून खेळणं पकडलं की लगेच "शाब्बास" म्हणा आणि पंधरा-वीस सेकंद त्याच्याशी खेळा. चप्पल उचलायची घाई नको. ते खेळण्यात रमलं की चप्पल पायाने मागे सरकवा आणि मग कपाटात ठेवा. खेळण्याचा हा भाग गाळला तर देवाणघेवाण तोट्याची आहे हे पिल्लाला तिसऱ्या दिवशी कळतं.

याच्या जोडीला "सोड" हा शब्द वेगळा शिकवावा लागतो, गडबडीच्या वेळी नव्हे, निवांत असताना. त्याला साधारण आवडणारं खेळणं द्या. ते चावत असताना खाऊचा तुकडा नाकाशी आणा. तोंड उघडलं की खाऊ द्या, आणि खेळणं लगेच परत द्या. एका वेळी पाच वेळा, दिवसातून दोनदा. तीन-चार दिवसांनी खाऊ नाकाशी नेण्याच्या सेकंदभर आधी "सोड" म्हणायला लागा. दहा-बारा दिवसांनी हातात खाऊ नसताना म्हणून बघा, सोडलं तर खाऊ खिशातून काढा. मग जास्त आवडीच्या वस्तूंवर या. परत देण्याची पायरी लोक हमखास विसरतात, आणि सोडलं की वस्तू गेलीच असं पिल्लाला वाटतं. जबडा उचकटून हिसकावून घेण्याचा परिणाम तर आणखी वाईट होतो: पुढच्या वेळी पिल्लू वस्तू घेऊन पलंगाखाली शिरतं, गुरगुरतं किंवा घाईने गिळूनच टाकतं. गुरगुरलंच तर त्यावर दटावू नका. दोन पावलं मागे व्हा, चार-पाच तुकडे लांब टाका, ते तिकडे गेल्यावर वस्तू उचला. हे पुन्हा पुन्हा होत असेल तर वर्तन समजणाऱ्या जाणकाराची मदत वेळेत घ्या.

घरी आल्यावर फाटलेली उशी दिसली तर तो प्रसंग संपलेला आहे. पिल्लाला उशीजवळ ओढत नेऊन ओरडण्यात काही हशील नाही. कान पाडून, नजर चुकवून ते बसतं, त्याला आपण अपराधी चेहरा म्हणतो. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसलं की हा चेहरा मालकाच्या रागावण्याशी जोडलेला असतो, कुत्र्याने खरंच काही केलंय की नाही याच्याशी नाही. उशी उचला आणि ती त्याच्या तोंडाशी आलीच कशी ते शोधा.

कधी कधी एकामागून एक तीन खेळणी नाकारून पिल्लू तुमच्या घोट्यालाच येतं. तेव्हा बहुतेकदा त्याला झोप आलेली असते किंवा शू लागलेली असते. लहान पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात, आणि झोप कमी पडली की संध्याकाळी दात फार चालतात. बाहेर नेऊन आणा, मग त्याच्या कोपऱ्यात भरलेलं खेळणं देऊन दिवे मंद करा.

फर्निचरला लावायचा कडू स्प्रे उपयोगी पडतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. कोपऱ्यात आधी लावून डाग पडत नाही ना ते बघा, निदान पहिले दोन आठवडे रोज लावा, आणि शेजारी चावायची योग्य वस्तू ठेवा. काही पिल्लांना त्या चवीचं काहीच वाटत नाही. वायरींच्या बाबतीत तर त्यावर अजिबात भिस्त ठेवू नका.

उकरणं: खड्डा कुठे आहे ते बघा

खड्ड्याची जागाच कारण सांगते. कुंपणालगत खड्डा असेल तर पलीकडे काहीतरी आहे किंवा अलीकडे कंटाळा आहे. सावलीत, पोट मावेल एवढा उथळ खड्डा करून पिल्लू त्यात पसरत असेल तर त्याला उकडतंय, अशा वेळी सावली, भरपूर पाणी आणि उथळ टबात चार बोटं पाणी दिलं की उकरणं आपोआप कमी होतं. एका रेषेत किंवा झाडाच्या मुळाशी खणत असेल तर खाली घूस, उंदीर किंवा अळ्या आहेत. नुकतंच खत घातलेल्या वाफ्यात खणत असेल तर ते वासाने. हाडांच्या चुऱ्याचं खत कुत्र्यांना फार ओढतं आणि जास्त खाल्लं तर पोटात त्याचा घट्ट गोळा होतो. एरंडीच्या पेंडीत रायसिन असू शकतं आणि गोगलगायींसाठी टाकायच्या गोळ्यांमध्ये मेटाल्डिहाइड, दोन्ही जीवघेणी आहेत. पिल्लू आहे त्या बागेत ही दोन्ही नकोतच. टेरियर आणि डाक्सहुंड यांची पैदासच बिळातल्या प्राण्यांमागे जाण्यासाठी झाली, त्यांच्या बाबतीत उकरणं बंद होईल ही आशा न धरलेली बरी.

लसींचं वेळापत्रक पूर्ण झालेलं नसेल तर सार्वजनिक जागेतली माती उकरू देऊ नका. पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो. लसीचा शेवटचा डोस सोळा आठवड्यांचं झाल्यावर किंवा त्यानंतर द्यायचा असतो, त्यापुढे डॉक्टरांना विचारून बाहेर पडा.

अंगण असेल तर उकरायचा हौद करा. दहा-बारा किलोच्या पिल्लाला १२० बाय ९० सेंटीमीटर आणि ४५ सेंटीमीटर खोल पुरतो. जागा सावलीतली निवडा, शक्य तर ते आधीच जिथे उकरतं त्याच्या जवळची. तळाला खडी घालू नका. पिल्लू खणत तिथवर पोचतं आणि खडे तोंडात घालतं. त्याऐवजी तळाची माती पहारीने सैल करा, पाणी झिरपून जाईल. दोन भाग धुतलेली वाळू आणि एक भाग चाळलेली माती मिसळून वरून दहा सेंटीमीटर जागा सोडून भरा, साधारण ३८० लिटर लागतात. नुसती वाळू कोरडी पडून डोळ्यांत उडते, नुसती चिकणमाती वाळून दगड होते. चारी बाजूंनी जमिनीच्या वर दहा-पंधरा सेंटीमीटर फळीची किंवा विटांची कड ठेवा. ती ओलांडली की आत, हे पिल्लाला पायांनी कळतं. मिश्रणावर पाणी शिंपडा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोट लावल्यावर फुटावा, एवढाच ओलावा हवा. रात्री झाकून ठेवा, नाहीतर मांजरं त्यात घाण करतात.

आता पिल्लाला तिथे रमवायचं. पहिले दोन दिवस त्याच्या देखत खेळणं अर्धं पुरा, अर्धं बाहेर. स्वतः हाताने खरवडा, बहुतेक पिल्लं लगेच सामील होतात. मग दोन-तीन सेंटीमीटर खाली, आठवड्याने दहा सेंटीमीटर खाली. ते खणायला लागलं की "खण" म्हणा. रोज तीन-चार वस्तू पुरून ठेवा. सुटं खाणं वाळूत टाकू नका, खाण्याबरोबर वाळू पोटात जाते आणि आतड्यात साचते. बंद खेळण्यात भरून पुरा. चुकीच्या जागी खणताना दिसलं तर हाक मारा, धावतच हौदाकडे जा आणि तिथे खरवडा. पहिले दोन-तीन आठवडे बागेत त्याला लांब दोरीवर ठेवा. एकटं सोडलेलं पिल्लू हौद सोडून वाफ्यातच जाणार, कारण तिथली माती जास्त ताजी असते. जुना खड्डा बुजवताना तळव्याएवढा सपाट दगड थोडा खाली पुरा. खड्ड्यात पाणी भरून पिल्लाचं तोंड बुडवण्याचा सल्ला कुठे ऐकलात तर तो विसरून जा, त्याने फक्त भीती बसते.

कुंपणाखालून निसटत असेल तर ६० सेंटीमीटर रुंदीची वेल्ड केलेली जाळी काटकोनात वाकवा. निम्मी कुंपणाला बांधा, निम्मी आतल्या बाजूला जमिनीवर आडवी, वर पाच सेंटीमीटर माती. तारांची कापलेली टोकं खाली वळवा, पंजाला लागता कामा नयेत. कुंड्यांसाठी मातीवर मोठे गुळगुळीत गोटे पुरतात, तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे.

फ्लॅटमध्ये हौदाऐवजी ८० बाय ५० सेंटीमीटरचा प्लास्टिकचा टब घ्या. त्यात फ्लीस या मऊ, लोकरीसारख्या कापडाचे मोठे तुकडे आणि गोळा केलेले टॉवेल भरा आणि कोरड्या खाण्याचे दाणे लपवा. फ्लीसचे धागे सुटत नाहीत म्हणून ते बरं. पिल्लू कापड गिळायला लागलं तर कापड काढून तोंडापेक्षा मोठे चेंडू भरा. झोपण्याआधी गादी खरवडून गोल फिरणं ही त्याची अंथरूण घालण्याची पद्धत आहे. त्याची स्वतःची जाड चटई द्या आणि तिथे खरवडू द्या.

दुरुस्त होत नसेल तेव्हा

पिल्लू माती, दगड, भिंतीचा पोपडा खरंच खात असेल, नुसतं चावत नसेल, तर जंत, रक्तक्षय किंवा पोटाचा त्रास तपासून घ्या. वारंवार उलटी, जेवण बंद, शी होत नाही आणि पोटाला हात लावू देत नाही, अशी लक्षणं दिसली तर काहीतरी अडकलंय असं समजून लगेच दवाखाना गाठा. फक्त एकटं असताना दार आणि चौकट कुरतडत असेल, तर मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडा. तुम्ही गेल्यावर पाच-दहा मिनिटांत ते धापा टाकतंय, रडतंय, दाराशी येरझाऱ्या घालतंय असं दिसलं तर तो कंटाळा नाही, विरहाची घबराट आहे. तिथे खेळण्याने भागत नाही. डॉक्टरांशी बोला आणि एकटं राहण्याचा सराव अर्ध्या मिनिटापासून सुरू करा.

सलग तीन-चार आठवडे काही नुकसान झालं नाही की एक खोली मोकळी करा, एकच. आधी तुम्ही घरात असताना, मग दहा मिनिटं बाहेर जाऊन. काही कुरतडलंच तर ती खोली पुन्हा दोन आठवडे बंद.